दुकान तुमचं, मत साऱ्या शहराचं: कॅलिफोर्नियातल्या छोट्या व्यावसायिकांनी स्थानिक बॅलट मेजर कसं वाचावं

ऑक्टोबर उजाडला की कॅलिफोर्नियात घरोघरी टपालाने मतपत्रिका येते, आणि तिच्या आगेमागे कौंटीचं माहितीपुस्तक. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, राज्याची प्रपोझिशन्स यांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. शेवटच्या पानांवरच्या ‘मेजर ए’, ‘मेजर एफएफ’पर्यंत, म्हणजे मतदारांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायच्या स्थानिक प्रस्तावांपर्यंत, फार थोडे पोचतात. किराणा दुकान, टिफिन सर्व्हिस, डेकेअर, नृत्यवर्ग किंवा चार टेबलांचं रेस्टॉरंट चालवणाऱ्याच्या गल्ल्याला मात्र सगळ्यात आधी हात लागतो तो याच पानांमुळे. किमान वेतन, विक्रीकर, धंद्यावरचा कर, रिकाम्या गाळ्यावरचा कर, कोणता माल विकता येईल आणि कोणता नाही, दारासमोरच्या रस्त्यावर गाड्या येतील की नाही, हे सगळं इथे स्थानिक मतदानाने ठरू शकतं.

मी साउथ बेमधल्या, म्हणजे सॅन होजेच्या आसपासच्या, छोट्या व्यवसायांचे हिशेब पाहते. ‘ते मेजर पास झालं म्हणे, आता आम्हाला काय करावं लागेल?’ असा फोन मला डिसेंबरात येतो. तो जुलैत यायला हवा, कारण डिसेंबरात फक्त पैसे भरणं उरलेलं असतं. जुलैत काय काय करता येतं, ते या लेखात क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आपण नक्की कुठल्या हद्दीत आहोत?

चार पत्ते कागदावर लिहा: दुकानाचा, घराचा, कामगार जिथे प्रत्यक्ष काम करतात तिथला, आणि माल जिथे पोचवता तिथला. छोट्या धंद्यात हे चारही वेगवेगळ्या शहरांत असणं अगदी नेहमीचं आहे. मत मिळतं ते फक्त घराच्या पत्त्यावर आणि तेही नागरिक असाल तर. फ्रीमॉन्टला राहून सॅन होजेत दुकान चालवणाऱ्याला सॅन होजेच्या मेजरवर मत नाही, पण परिणाम पूर्ण भोगावा लागतो.

बाकीचे पत्तेही महत्त्वाचे असतात. ओकलंडचं किमान वेतन आठवड्यात निदान दोन तास ओकलंडच्या हद्दीत काम करणाऱ्याला लागू होतं. तुमचं किचन दुसऱ्या शहरात असलं आणि तुमची माणसं दर शनिवारी ओकलंडच्या हॉलमध्ये जेवण वाढायला जात असली, तर त्या तासांना ओकलंडचा दर द्यावा लागतो. केटरिंगवाल्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

मतदान साऱ्या शहराचं असतं आणि झळ एका वस्तीला बसते, हेही ध्यानात ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोत (तिथे स्थानिक मेजरलाही ‘प्रपोझिशन’च म्हणतात) नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘प्रपोझिशन के’ने समुद्रकाठचा अप्पर ग्रेट हायवे गाड्यांसाठी कायमचा बंद केला. शहरभरात ते सुमारे ५५ टक्क्यांनी मंजूर झालं, पण लगतच्या सनसेट भागाने विरोधात मत दिलं होतं. तिथला राग इतका टिकला की प्रस्तावाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्थानिक सुपरवायझरला (तिथला कौन्सिल सदस्य) सप्टेंबर २०२५ मध्ये मतदारांनी पदावरून परत बोलावलं. रस्ता मात्र बंदच राहिला.

दुसरी पायरी: हे मेजर आलं कुठून?

तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीत तुम्हाला बोलायची वेळ वेगळी आहे.

पहिली, सिटी कौन्सिल स्वतः प्रस्ताव मतदानाला ठेवते. बहुतेक कर असेच येतात. त्यासाठीची मुदत मतदानाच्या ८८ दिवस आधीची, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा. मजकूर ठरतो जून-जुलैत, लोक सुट्टीवर असताना. सवलतीची मर्यादा, लागू होण्याची तारीख, दर, हे सगळं तेव्हा बदलू शकतं. एकदा प्रस्ताव मतपत्रिकेवर गेला की त्यातला स्वल्पविरामही हलत नाही.

दुसरी, नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला प्रस्ताव, म्हणजे इनिशिएटिव्ह. साधारण शहरात नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के सह्या १८० दिवसांत जमवाव्या लागतात (स्वतःची सनद असलेल्या शहरांत आकडा वेगळा असू शकतो). इथला मजकूर सह्या सुरू होण्याआधीच पक्का झालेला असतो आणि कौन्सिलला त्यात फेरफार करता येत नाही. पण राज्याच्या निवडणूक कायद्यात एक तरतूद आहे जी दुकानदारांना जवळजवळ कधीच माहीत नसते. कौन्सिल अशा प्रस्तावावर ३० दिवसांत अहवाल मागवू शकते आणि त्यात व्यवसाय व रोजगार शहरात येण्या-टिकण्यावर काय परिणाम होईल हेही तपासता येतं. हा अहवाल आपोआप निघत नाही, कौन्सिलने तो मागवावा लागतो. तेव्हा सह्या जमत असल्याची कुणकुण लागताच आपल्या कौन्सिल सदस्याला चार ओळींचा ईमेल लिहा. या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

तिसरी वाट रेफरेंडमची. कौन्सिलने कायदा केला, कुणी सह्या जमवून तो रोखला आणि आता मतदार निकाल देणार. इथे ‘हो’ म्हणजे कायदा राहू द्या आणि ‘नाही’ म्हणजे रद्द करा. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ मध्ये मेन्थॉलसह सगळ्या स्वादयुक्त तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीने १ कोटी डॉलरहून अधिक खर्च करून त्याविरुद्ध मोहीम चालवली. जून २०१८ च्या ‘प्रपोझिशन ई’त सुमारे ६८ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं आणि बंदी कायम झाली. कोपऱ्यावरच्या दुकानदारांचे फोटो त्या मोहिमेच्या पत्रकांवर झळकले, पण निर्णय कंपनीच्या हिशेबाने होत होते. मोठी कंपनी तुमच्या नावाने लढते तेव्हा तिचं आणि तुमचं हित कुठे वेगळं होतं, ते आधी पाहून घ्या.

तिसरी पायरी: मंजूर व्हायला किती मतं लागतात?

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे: गावातल्या बायकांनी ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ असं मत देऊन परवान्याचं दारूदुकान बंद करणं. तिथे आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागत आली आहेत. घरी बसलेली बाई तिथे आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. कॅलिफोर्नियात तसं नाही. मोजली जातात ती फक्त पडलेली मतं.

कराच्या बाबतीत १९७८ चं प्रपोझिशन १३ आणि १९९६ चं प्रपोझिशन २१८ यांनी चौकट आखली. पैसा शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. ठराविक कामासाठी राखून ठेवलेला कर असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. मात्र २०१७ च्या अपलँड खटल्यानंतर, सह्यांच्या मार्गाने आलेल्या अशा राखीव कराला साधं बहुमत पुरेल असे निकाल अपील न्यायालयांनी दिले आहेत. हा प्रश्न वादाचा आहे, म्हणून दर वेळी पुस्तकातच ‘मंजुरीसाठी लागणारी मतं’ ही ओळ शोधा.

ती ओळ पाहिल्याशिवाय मेजर पास होईल की नाही याचा अंदाज बांधू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या सीटॅक या विमानतळाच्या गावी २०१३ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव फेरमोजणीनंतर अवघ्या ७७ मतांनी मंजूर झाला. मोठ्या सोसायटीच्या एका इमारतीत तेवढी मतं सहज असतात.

चौथी पायरी: पंचाहत्तर शब्दांवर थांबू नका

मतपत्रिकेवर मेजरचा मजकूर जास्तीत जास्त ७५ शब्दांचा असतो. तो शहरानेच लिहिलेला असतो, म्हणून त्यात अग्निशमन, ग्रंथालय, खड्डेमुक्त रस्ते आधी येतात. २०१८ पासून कराच्या मेजरमध्ये दर, कालावधी आणि वर्षाला जमणारी रक्कम लिहिणं बंधनकारक आहे. कालावधीच्या जागी ‘मतदारांनी संपवेपर्यंत’ असं दिसलं तर त्याला शेवटची तारीख नाही असं समजा.

मग पुस्तकात शहराच्या वकिलाचं ५०० शब्दांपर्यंतचं तटस्थ विश्लेषण वाचा. बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद मी सगळ्यात शेवटी वाचते, आणि त्यांतही सह्या कुणाच्या आहेत तेच आधी पाहते. खरा ऐवज असतो संपूर्ण मजकुरात. तो पुस्तकात नसेल तर सिटी क्लार्कच्या वेबसाइटवर मिळतो. त्यात ‘व्याख्या’ हा भाग पेन्सिल घेऊन वाचा.

व्याख्या म्हणजे काय चीज असते, ते बर्कलीत पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथे ‘मेजर डी’ ७६ टक्क्यांनी मंजूर झालं आणि साखर घातलेल्या पेयांवर औंसाला १ सेंट कर आला. अमेरिकेतल्या शहरातला मतदानाने आलेला असा हा पहिलाच कर. वरवर वाचणाऱ्याला वाटेल की हा कोका-कोला, पेप्सीचा प्रश्न आहे. पण युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानाचं शेल्फ समोर ठेवून व्याख्या वाचा. साखर घातलेलं आंब्याचं पेय करपात्र. शंभर टक्के फळांचा रस सुटला. ज्यात दूध हा मुख्य घटक आहे ते पेय सुटलं, म्हणजे बदाम दुधाचा कॅन मोकळा. कर दुकानदारावर नाही, वितरकावर आहे, पण १२ औंसाच्या २४ कॅनच्या खोक्यामागे २ डॉलर ८८ सेंट होतात आणि वितरक ते तुमच्या बिलात लावू शकतो. वर्षाला १ लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याने स्वतः माल आणला तर त्याला सूट होती. ही सूट ७५ शब्दांत कुठून मावणार?

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. मार्च २०२० मध्ये ‘प्रपोझिशन डी’ दोन तृतीयांशांची अट ओलांडून मंजूर झालं. वस्तीतल्या बाजारपेठांत तळमजल्याचा गाळा वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त रिकामा राहिला, तर दर्शनी रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पहिल्या वर्षी २५०, दुसऱ्या वर्षी ५०० आणि त्यानंतर १,००० डॉलर. लोकांना वाटलं, चला, गाळे अडवून बसणाऱ्या मालकांना चाप बसला. पण मजकुरात कर ‘गाळा रिकामा ठेवणाऱ्या’वर आहे, आणि त्यात भाडेकरू, पोटभाडेकरूही येतात. तुम्ही २५ फुटी गाळा भाड्याने घेतला, पैशांची जुळवाजुळव करण्यात वर्ष गेलं आणि दार उघडलंच नाही, तर ६,२५० डॉलर तुमच्या नावावर. बांधकाम परवान्याचा अर्ज, प्रत्यक्ष बांधकाम, आग लागणं यांसाठी सूट दिलेली आहे, म्हणून अर्जाच्या तारखेचा पुरावा जपून ठेवणं इथे पैशाइतकंच मोलाचं. महामारीमुळे हा कर २०२२ पासून लागू झाला.

पाचवी पायरी: लीज (भाडेकरार) उघडा

ही पायरी लोक हमखास वगळतात.

जमिनीवरचा कर, म्हणजे पार्सल टॅक्स, शाळांचे रोखे, पूरनियंत्रणाची आकारणी, हे सगळं मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर स्वतंत्र ओळींत येतं. ‘आपण तर भाडेकरू’ म्हणून दुकानदार निर्धास्त असतो. पण स्ट्रिप मॉलमधल्या बहुतेक लीज ‘ट्रिपल नेट’ असतात: कर, विमा आणि देखभाल, तिन्हींचा आपापला हिस्सा भाडेकरूने भरायचा. समजा १२,००० चौरस फुटांच्या प्लाझात तुमचं दुकान १,५०० फुटांचं आहे. तुमचा हिस्सा साडेबारा टक्के. नव्या मेजरमुळे प्लाझाचं बिल वर्षाला ८,००० डॉलरने वाढलं, तर त्यातले १,००० तुमचे. वर्षअखेरीच्या हिशेबात ते ‘सीएएम अँड टॅक्सेस’च्या (सामायिक जागेची देखभाल आणि कर) एका ओळीत येतात आणि का वाढले हे कुणी सांगत नाही.

बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टचंही (बाजारपेठेच्या सुधारणेसाठी जादा आकारणी करणारा विभाग) तेच. जमिनीवर आधारलेल्या अशा डिस्ट्रिक्टची मतपत्रिका टपालाने सहसा मिळकतीच्या मालकाला जाते आणि ज्याची आकारणी मोठी त्याच्या मताचं वजन मोठं. मत मालकाचं, पैसे लीजमधून तुमचे. म्हणून मालकाला आधीच लिहून विचारा की तो कसं मत देणार आहे.

लीज नव्याने करताना एक कलम मागून पाहा: ‘सही केल्यानंतर मतदानाने आलेल्या करांतली वाढ भाडेकरूकडून अमुक मर्यादेपर्यंतच घेतली जाईल.’ छोटे मालक पुष्कळदा मानतात. कोणतंही स्थानिक मेजर तुमच्या दुकानाचं भाडं बांधून देऊ शकत नाही, कारण कॅलिफोर्नियात १९८७ च्या राज्य कायद्याने व्यापारी गाळ्यांच्या भाडेनियंत्रणाला मनाई केली आहे. तुमचं संरक्षण त्या करारातच आहे.

सहावी पायरी: स्वतःच्या वहीवर आकडा काढा

ओकलंडचं ‘मेजर एफएफ’ घ्या. ४ नोव्हेंबर २०१४ ला ते ८० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झालं आणि २ मार्च २०१५ ला लागू झालं. चार महिन्यांच्या आत किमान वेतन तासाला ९ डॉलरवरून १२.२५ वर गेलं, शिवाय दर ३० तासांमागे एक तास भरपगारी आजारपणाची रजा आली. एका रेस्टॉरंटची कल्पना करा, जिथे किमान वेतनावरचे मिळून आठवड्याला २०० तास काम चालतं. वाढ ३.२५ गुणिले २०० म्हणजे आठवड्याला ६५० डॉलर, वर्षाला ३३,८००. त्यावर मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के. एकूण जवळपास ३६,४०० डॉलर. वार्षिक विक्री ६ लाख डॉलर असेल तर ती सहा टक्के होते, म्हणजे गिऱ्हाईक तितकंच राहिलं तर १२ डॉलरची थाळी ७३ सेंटने महाग करावी लागेल.

यात दोन गोष्टी आणखी धरा. १३ डॉलर घेणारा जुना आचारी ‘मग माझे किती?’ असं विचारणारच, आणि तो रास्त प्रश्न आहे. दुसरं, कॅलिफोर्नियात टिप वेतनात धरता येत नाही. माझं मत विचाराल तर ९ डॉलरवर बे एरियात माणूस जगू शकत नव्हता आणि ती वाढ हवीच होती. पण चार महिन्यांत ३६ टक्के वाढ हा धक्का छोट्या रेस्टॉरंटला जड गेला असणार. टप्पे मागायला हवे होते, आणि ते मजकूर लिहिला जातानाच मागता येतात.

आकडा उलटाही निघू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या नोव्हेंबर २०२४ च्या ‘प्रपोझिशन एम’ने व्यवसाय कराची सगळी मांडणी बदलली, आणि छोट्या धंद्यांची सूट उलाढालीच्या सुमारे २२.५ लाख डॉलरवरून ५० लाखांवर नेली. नुसतं ‘बिझनेस टॅक्स’ हे शब्द वाचून ‘नाही’वर खूण करणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्याच सवलतीविरुद्ध मत दिलं.

सातवी पायरी: बोला, आणि वेळेत बोला

नागरिक नसलात तरी कौन्सिलच्या सभेत बोलायचा हक्क तुम्हाला आहे. ब्राउन ॲक्टप्रमाणे (खुल्या सभांचा राज्य कायदा) नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि बोलण्यासाठी नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात ‘आम्ही बुडू’ असं म्हणू नका, सहाव्या पायरीतला आकडा सांगा आणि एक नेमकी मागणी करा: टप्पे, उलाढालीची मर्यादा किंवा सहा महिने उशीर. कौन्सिल सदस्य आकडा लिहून घेतात, हे मी पाहिलेलं आहे.

पुस्तकातला विरोधी किंवा बाजूचा युक्तिवाद ३०० शब्दांचा असतो, त्यावर पाच जणांपर्यंत सह्या असतात. त्या शहराचा मतदार किंवा नागरिकांची खरीखुरी संघटना तो देऊ शकते. म्हणजे तुमच्या बाजारपेठेची मर्चंट असोसिएशन हे करू शकते, आणि बऱ्याचदा मुदत संपेपर्यंत कुणी पुढे आलेलं नसतं. मजकूर छापण्याआधी दहा दिवस तो लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. त्यात खोटं किंवा दिशाभूल करणारं काही असेल तर त्या दहा दिवसांतच न्यायालयात जावं लागतं.

पैसे जमवताना जपून. मोहिमेसाठी वर्षात २,००० डॉलर गोळा झाले की तुम्ही कायद्याने समिती ठरता आणि नोंदणी, हिशेब, जाहीर नोंदी सुरू होतात. ग्रीनकार्ड नसेल तर देणगी देण्याआधी वकिलाला विचारा. सभेत बोलायला तुम्ही मोकळे आहात, पण पैशांचे नियम निराळे आहेत.

आठवी पायरी: मंजूर झाल्यावर

निकाल प्रमाणित झाला की तारखा टिपा. स्थानिक विक्रीकर सहसा तिमाहीच्या पहिल्या दिवशी लागू होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या सांता क्लारा कौंटीच्या ‘मेजर ए’चा पाच अष्टमांश टक्का १ एप्रिल २०२६ पासून धरला गेला. आदल्या रात्री गल्ल्याच्या मशिनमधला दर बदला आणि कोणत्या मालाला कर लागतो ते तपासा. गरम समोशाला लागतो, कणकेच्या पोत्याला नाही. दुसऱ्या शहरात पोचवलेल्या करपात्र मालाला तिथला दर बघावा लागतो. वेतन वाढलं असेल तर शहराचं नवं पत्रक कामगारांना दिसेल असं लावा.

सूट मिळाली म्हणजे नोंदणी संपली असंही नाही. करातून सुटलेल्या व्यवसायालाही बहुतेक शहरांत दर वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते चुकलं की दंड होतो.

सह्यांच्या मार्गाने आलेला कायदा, त्याच्या मजकुरातच मुभा नसेल तर, कौन्सिलला बदलता येत नाही. त्यासाठी पुन्हा मतदान लागतं. पण त्याची अंमलबजावणी कशी करायची याचे नियम, अर्जाचे नमुने, सवलतीचे पुरावे शहराचं वित्त खातं नंतर ठरवतं, आणि त्या मसुद्यावर सूचना पाठवता येतात. ‘रिकामा’ म्हणजे किती तास बंद, ‘छोटा’ म्हणजे कोणत्या वर्षाच्या उलाढालीवर, मालाचा पत्ता बिलावरचा की पोचवण्याचा, असले प्रश्न तिथे सुटतात. खात्याच्या ईमेल यादीत आजच नाव घाला.